देवीचा पंखा

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथी झाली तशी माझी पाटी सुटली आणि मेंढरांमागची काठी हातात आली. त्यानंतर मी लिहिलं ते फक्त सहीपुरतं, तीसुद्धा रेशनच्या दुकानात, मागं रांग खोळंबलेली असताना. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर समजून घ्यावं. बोलण्यातही मी अशीच. चार माणसं समोर आली की माझा आवाज घशातच बसकण मारतो. अशा बाईला एके काळी अख्खी गल्ली प्रश्न विचारायला येत होती आणि ती उत्तरं देत होती, हे माझ्या नातीला खरं वाटत नाही. म्हणून लिहून ठेवते. आमच्या घरात फळीवर जो हिरवा पंखा आहे, तो कसा आला आणि कसा आमचा झाला, एवढंच यात आहे.

आमचं गाव घोड नदीच्या काठाला. शिरूर एका अंगाला, दौंड दुसऱ्या अंगाला, त्यामुळे आजारी माणसाला कुठं न्यायचं यावर आधी घरात भांडण होतं आणि मग एसटी गाठली जाते. सासऱ्यांनी मेंढरं विकून इथं जमीन घेतली तेव्हापासून आम्ही बागायतदार. घरात आमचे हे, सासूबाई, दीर आणि धाकटी जाऊ. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. माझी एकुलती मुलगी लग्न होऊन सणसवाडीला, भाड्याच्या खोलीत. जावई तिथल्या कंपनीत. मी तेव्हा पंचेचाळीस ओलांडली होती.

बाहेर बसण्याचा आमच्या घरचा नियम कडक. अडचण आली की चार दिवस चूल, पाणी आणि देव बंद. खुरपं मात्र बंद नव्हतं. शेण काढणं बंद नव्हतं, कांद्याची गोणी उचलणं बंद नव्हतं. माझा विटाळ बरणीतल्या लोणच्याला व्हायचा, वावरातल्या कांद्याला व्हायचा नाही. मी त्यावर कधी बोलले नाही. खरं सांगायचं तर भाकरी थापायला नको म्हणून ते चार दिवस मला बरेच वाटायचे. माझ्या चार दिवसांत जाऊ चूल सांभाळायची, तिच्या चार दिवसांत मी. कितीतरी वर्षं हा कारभार सुरळीत चालला होता.

मग तो बिघडला. एकदा दोन महिने काहीच नाही. आत्याबाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"काय गं, दिवस गेलं का काय?"

"आत्याबाई, ऑपरेशन होऊन वीस वर्षं झाली."

"सरकारी आपरेशन ते. त्याचा काय भरवसा?"

नेमकं तेव्हाच मुलीचं बाळंतपण जवळ आलेलं. जाऊ पदर तोंडाला लावून म्हणाली, "ताई, येकाच मापाची दोन टोपडी शिवून ठेवू का? मामाला येक, भाचीला येक." मी भिंतीकडं तोंड करून धान्य निवडत बसले. माझे कान इतके तापले की त्यावर पापड भाजला असता. ते लाजेनं तापले असं मला वाटलं. आता कळतं, नुसत्या लाजेनं नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात अडचण आली ती जायलाच तयार नाही. दहा दिवस झाले, बारा झाले. जाऊ भाकरी थापून थापून वैतागली. "ताई, मुद्दाम करताय व्हय? साठवल्याली सुट्टी येकदम काढताय का?" तिचंही खरं होतं. मलाच माझा अंदाज येईनासा झाला होता. झोप लागायची नाही. उगाच छाती धडधडायची. शेजारणीचं नाव तोंडाशी येऊन परत जायचं. आमचे हे "कालवणात मीठ कमी हाय" म्हणाले तर मला रडू कोसळलं, आणि दुसऱ्या दिवशी तेच म्हणाले तर ताट आपटावंसं वाटलं. आपटलं नाही, कारण बाहेर बसले होते, ताटाला हात लावायची सोय नव्हती.

पाळी जायच्या आधी काही वर्षं बाईच्या अंगात काय काय होतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. "तिची गेली" एवढं बायका कुजबुजायच्या, जसं काही शेजारची म्हैस विकली गेली. कशी गेली, किती दिवस जात होती, जाताना काय काय आपटून गेली, यावर चकार शब्द नाही. मला वाटायचं, एक दिवस येत नाही आणि संपलं.

त्या वर्षी नवरात्रात, पाचव्या माळेला, गल्लीच्या देवळात संध्याकाळची आरती चालू होती. देऊळ आठ माणसांचं, आत पन्नास. समया, धूप, संबळ, आणि माझ्या पुढं-मागं बायकांच्या भिंती. मी नेहमीसारखी सगळ्यात मागं, कोपऱ्यात. आरती अर्ध्यावर आली आणि माझ्या छातीत कोणी चूल पेटवली. आग मानेवर चढली, तिथून तोंडावर, तिथून डोक्यात. घामाच्या धारा लागल्या. गुदमरायला झालं. मी डोक्यावरचा पदर ओढून काढला, अंबाडा सुटला, आणि श्वास घ्यायला तोंड उघडलं तर "हूंऽ हूंऽ" असा आवाज आला. तो आवाज माझा होता, हे मलाही पटायला वेळ लागला.

"आई आली! बायांनो, आई आली!" पुढून कोणीतरी ओरडलं.

संबळवाल्याला तेवढंच हवं होतं. त्यानं दुप्पट जोर लावला. बायका दोन्हीकडं सरकल्या, मला पुढं ओढलं, कपाळभर हळदीकुंकू माखलं. कोणीतरी पायांवर तांब्याभर गार पाणी ओतलं. ते इतकं बरं वाटलं की मी "नाही, नाही" म्हणायचं विसरले. तिथंच माझं चुकलं.

"आई, काय चुकलंमाकलं आसंल तर सांग," आत्याबाई हात जोडून म्हणाल्या. त्या सासूनं माझ्यासमोर हात जोडलेले मी त्याआधी पाहिले नव्हते, त्यानंतर मात्र पुष्कळ पाहिले.

माझ्या मनात तेव्हा एकच गोष्ट होती, तीच तोंडातून निघाली. "बाजूला व्हा! वारा अडलाय. वारा येऊ द्या!"

संबळ थांबला. सगळ्यांच्या माना देवळासमोरच्या घराकडं वळल्या. त्या घराच्या मालकानं रस्त्यात हातभर पुढं येऊन सिमेंटचा कट्टा आणि त्यावर पत्र्याचं छप्पर केलं होतं. गल्लीत त्यांना सगळे आप्पा म्हणत. ग्रामपंचायतीनं त्यांना नोटिसा दिल्या होत्या. त्या नोटिसा आप्पांनी त्याच छपराच्या वाशात खोचून ठेवल्या होत्या. मी छपराचा विचारसुद्धा केला नव्हता. पण आप्पांचा चेहरा पांढराफटक पडला आणि दसऱ्याच्या आत पत्रा उतरला, कट्टा फुटला. देवळात खरोखर वारा यायला लागला. सगळ्यांनी तो अंगावर घेतला आणि माझ्याकडं पाहिलं. आता सुटका नव्हती.

दर मंगळवारी संध्याकाळी आमच्या ओसरीत बायका जमू लागल्या, मागं उभे राहून पुरुषही. मला पाटावर बसवायचे. समोर धूप घालायचे, दार लोटून घ्यायचे. एवढी माणसं, एवढा धूर आणि एवढी भीती. अंगात जाळ उठायला आणखी काय लागतं? आठवडाभर नाही आला तरी मंगळवारी हमखास यायचा. मग प्रश्न.

"आई, माझ्या सुनंला पोरगं व्हईल का?"

"होईल, नाहीतर मुलगी होईल," मी म्हणायचे. बायका मान डोलवायच्या. काय खोल बोलली आई!

एक मास्तर बदली कुठं होईल ते विचारून गेले. मी चौथी पास. त्यांनी मला विचारावं, यातच शिक्षणखात्याचं सगळं आलं. "लांब होईल" म्हटलं. ते खूश झाले, त्यांना बायकोच्या माहेरापासून लांबच जायचं होतं.

इनामगावच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, पूर्वी पुण्याच्या लोकांनी खणलं तेव्हा मातीची एक देवी सापडली, तिला डोकंच नव्हतं, असं म्हणतात. आत्याबाई ते मोठ्या अभिमानानं सांगायच्या, आपल्या मुलखात देवी जुनी आहे म्हणून. मला त्या देवीचा हेवा वाटायचा. तिला कोणी प्रश्न विचारत नसणार.

दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी आप्पांच्या बायकोनं विचारलं, "आई, तुला काय पायजे? लुगडं नेसवू का?"

"वारा घाला," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

गल्लीनं वर्गणी काढली. घरटी पन्नास, आणि आप्पांनी तीनशे, धसक्यानं. दौंडच्या दुकानातून टेबलफॅन आला. हिरवा, तीन पात्यांचा, मान हलवणारा. त्याला हार घातला, त्याच्या जाळीला कुंकू लावलं आणि आमच्या ओसरीत फळीवर ठेवला.

मी मनात म्हटलं, एवढ्या सोसण्याचं काहीतरी चीज झालं. पण आत्याबाईंनी पंख्यावर लाल कापड घातलं. तो देवीचा पंखा. आई आली तरच लावायचा. सून तापली म्हणून लावायचा नाही.

मग दुपारी मी घामानं निथळत भिंतीला टेकले की आत्याबाई खाटेवरून विचारायच्या, "कोन हाय? तू का ती?"

"मीच आहे, आत्याबाई."

"मग पदरानं घाल वारा."

एकदा मात्र मी डोळे मिटून "ती" म्हणाले. आत्याबाई उठल्या, कापड काढलं, नमस्कार केला आणि बटण दाबलं. तेवढ्यात लोडशेडिंगची वेळ झाली. असंच व्हायचं. आई यायची तेव्हा वीज जायची आणि वीज यायची तेव्हा आई गेलेली असायची.

असंच कितीतरी दिवस चाललं असतं, पण एका मंगळवारी सकाळीच मला अडचण आली. दोन महिन्यांनी आली होती आणि जोरात आली होती. मी मनातून आनंदले. आज पाट नाही, प्रश्न नाहीत. मी गोठ्याच्या कडेला गोणपाटावर जाऊन बसले. जावेनं ओसरीत जमलेल्यांना सांगितलं, "आज न्हाई. ताई बाहीर हायेत." बायका उठून चालल्या होत्या, आणि नेमका तिथंच, गोणपाटावर, माझ्या अंगात जाळ उठला. पदर सुटला, घाम सुटला, तोंड लालभडक. सगळ्यांनी पाहिलं.

गल्लीपुढं मोठा पेच पडला. बाई विटाळशी असताना आई आलीच कशी?

"आई आसती तर आली नसती," दुकानवाली काकू म्हणाली. ती आमच्या शेजारी किराणा चालवायची आणि मालाच्या खरेखोटेपणावर तिचा शब्द शेवटचा असायचा. "हे भाईरचं हाय. येत्या आवसंला देवऋषाकडं न्या. लिंबाच्या फोकानं झोडलं की ईल ठिकाणावर."

"तोंड सांभाळ," आत्याबाई कडाडल्या. "आई बी बाईच हाय. तिला न्हाई चालत तर कुनाला चालंल?"

एवढं शहाणपणाचं त्या माझ्यासाठी कधी बोलल्या नव्हत्या. देवीसाठी बोलल्या, तेही चाललं.

आमच्या ह्यांना दोन्ही पटेना. ते मला दौंडला एका खाजगी दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी पोटावर गार मलम लावून मशीन फिरवलं. माझ्याशी ते एक शब्द बोलले नाहीत. ह्यांना म्हणाले, "पिशवीला सूज आहे. मुलंबाळं झालीत ना? मग ठेवून करायचीय काय? काढून टाकू. उद्या कॅन्सरबिन्सर झाला तर? सोमवारी घेऊन या." पिशवी म्हणजे जणू बाजारातून आल्यावर खुंटीला अडकवायची असते तशी. तिच्यात आता काही आणायचं नाही, तर द्या फेकून.

घरी आल्यावर आत्याबाईंनी मुलालाच धारेवर धरलं. "आई जिथं येती ती जागा कापाय निघालास? मुडद्या, निर्वंश व्हईल!"

"वंश झालाय की, आये. पोरगी सनसवाडीला हाय."

असा तो आठवडा. गल्ली म्हणे अवसेला झोडू, हे म्हणत सोमवारी कापू, आत्याबाई म्हणत पाटावर बसवू. मला कोणी विचारलं नाही. आणि विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? मला फक्त एवढंच हवं होतं की हे अंग माझं आहे, त्याला काय झालंय ते कोणीतरी मला सांगावं. तेवढं मागायचा धीर माझ्यात नव्हता. देवीत होता, पण तिला ते कोणी विचारत नव्हतं.

जावेनं ते ओळखलं. जिला माझ्या सुट्ट्यांचा सगळ्यात जास्त ताप, तिनंच दुकानातल्या फोनवरून माझ्या मुलीला कळवलं. मुलगी रविवारी तान्ही कडेवर घेऊन पहिल्या गाडीनं आली. "बाबा, सोमवारी दौंडला जायचं नाही. शिरूरला सरकारी दवाखान्यात बाई डॉक्टर आहेत, माझं बाळंतपण त्यांनीच केलं. आधी त्यांना दाखवू. त्या म्हणाल्या कापा, तर कापू." हे पुटपुटले, पण लेकीपुढं त्यांचं चालत नाही. आत्याबाई म्हणाल्या, "म्या बी येनार. आईला येकटं न्हाई सोडायची."

दवाखान्यात गर्दी. छताचा पंखा बंद. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, जाड भिंगाच्या. मी खुर्चीवर बसले आणि माझा आवाज गेला. मुलगी बोलायला लागली, तर बाईंनी तिला थांबवलं. "पोरी, तू नको. त्यांना बोलू दे. मला घाई नाही." बाहेर रांग दारापर्यंत होती, तरी त्या तसं म्हणाल्या. मग मी बोलले. तुटक तुटक, खाली बघत. पाळीचं, झोपेचं, रडण्याचं, जाळाचं. देवीचंही सांगितलं.

त्या हसतील असं वाटलं होतं. त्यांनी टेबलावरचे केसपेपर उचलले आणि त्यानं स्वतःलाच वारा घालायला लागल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता, कानशिलावरून घाम.

"माझ्याही अंगात येते ही देवी," त्या म्हणाल्या. "दिवसातून पाच-सहा वेळा. मला मात्र कोणी पंखा देत नाही. बघा, वरचा कधीपासून बंद आहे."

मग त्यांनी सांगितलं. बाईच्या पोटातले बीजकोश वयानं थकत जातात, त्यांच्यापासून अंगाला जो रस मिळतो तो कमी-जास्त व्हायला लागतो. एकदम बंद होत नाही, काही वर्षं असं हेलकावे खात चालतं. म्हणून पाळी कधी लांबते, कधी लवकर येते, कधी जास्त जाते. डोक्यात थंडी-गरमी बघणारी एक जागा असते, ती बावचळते. गरम नसताना तिला गरम वाटतं आणि ती घाम सोडते. झोप मोडते, चिडचिड होते, विसरायला होतं. हे दुखणं नाही आणि वेडही नाही. पण जास्त जात असेल तर अंगावर काढायचं नाही, तपासून घ्यायचं. त्यांनी मला तपासलं, रक्त बघितलं, मशीन फिरवलं. "पिशवी चांगली आहे. काढायचं काही कारण मला दिसत नाही. रक्त कमी आहे, या गोळ्या घ्या, पुन्हा दाखवायला या. नाचणी, तीळ, दूध खा. रोज चाला. पाळी ओळीनं बारा महिने आली नाही की मग समजायचं, गेली. मधे एकदा आली तर पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. आणि गेल्यानंतर कधी थेंबभर जरी दिसलं, तर लाजत बसायचं नाही. सरळ इकडं यायचं."

एवढंच होतं. भाकरी भाजून होईल एवढ्या वेळात सांगून झालं.

मग त्या आत्याबाईंकडं वळल्या. "काय आजी, तुम्हाला झालं होतं का असं?"

"व्हय. झालं हुतं की," आत्याबाई म्हणाल्या.

मी आणि मुलीनं एकदम त्यांच्याकडं पाहिलं.

"मग सुनेला सांगितलं का नाही?"

"तिनं कवा इचारलं?" आत्याबाई ठसक्यात म्हणाल्या. "आन् आमाला ठावं न्हवतं ह्याला काय म्हंत्यात. आमी मेंढरांमागं. अंगात भडका उठला की घोंगडी फेकायची आन् चालाय लागायचं. वाऱ्याला काय तोटा? चारी अंगाला माळ. म्या म्हनलं ऊन लागलं."

"पौषात सुद्धा?" मुलीनं विचारलं.

"पौषात बी लागायचं," आत्याबाई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच जरा खजील झाल्या. परत येताना एसटीत त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "तवा बाहीर बी बसत न्हवतो आमी. माळावर बाहीर म्हंजी कुठं? सगळंच बाहीर. हे तुमचं घर बांदल्यावर आलं." आणि थोड्या वेळानं, काळजीच्या आवाजात, "आता लोकास्नी काय सांगायचं? पंखा परत मागत्याल की."

खरी अडचण ती होती. मी देवी नसले तर पंखा गल्लीचा. आणि पंखा मला हवा होता, बाईंनी सांगितल्याप्रमाणं अजून काही वर्षं हवा होता. पण देवीच्या नावावर तो वापरत राहिले असते तर मंगळवार सुटणार नव्हते. देवी नाही म्हणून सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, तर माझा आवाज कुठून आणायचा? मी चार दिवस विचार केला आणि ठरवलं. पंखा ठेवायचा, पैसे परत करायचे. एकेका घरात जाऊन, एकेका बाईला. एका माणसापुढं माझा आवाज कसाबसा निघतो.

"येडी का काय?" हे म्हणाले. "देवीला दिल्यालं कुनी परत करतं व्हय?"

"देवीचं देवीपाशी. पंखा माझ्यापाशी आहे," मी म्हणाले. ते माझ्याकडं बघतच राहिले. मी त्यांना उलट बोलले याचं त्यांना नवल, आणि पाटावर न बसता बोलले याचं मला.

मी कांद्याच्या चाळीवर निवडणीला जायला लागले. रोजातले थोडे बाजूला पडायचे. पहिल्यांदा गेले दुकानवाल्या काकूकडं, कारण तिच्याकडं अवघड होतं. गिऱ्हाईक नाही असं बघून पन्नासाची नोट गल्ल्यावर ठेवली.

"कशाचं हे?"

"पंख्याचे. आई नव्हती, काकू. माझी पाळी चाललीय जायला. त्याचा जाळ होता."

शब्द बाहेर पडला आणि दुकानाचं छप्पर काही कोसळलं नाही. काकूनं आधी दाराबाहेर पाहिलं, मग मला पोत्यांमागं ओढलं. "म्हंजी... त्यो भडका? मानंवर चढतो? मागनं घाम?"

"तोच."

"दोन वरसं झाली मला," ती कुजबुजली. "म्या म्हनलं कुनी करनी केली. देवऋषाला कोंबडं दिलं, बाई." आणि तिनं नोट गल्ल्यात टाकली. ती दुकानदार बाई, आलेली नोट परत करणाऱ्यातली नव्हती. पण तेव्हापासून अवसेचा विषय तिनं काढला नाही.

असं एकेक घर. प्रत्येक घरात मला पोत्यांमागं, चुलीपाशी, गोठ्यात ओढलं जायचं. जाताना माझ्याकडं पन्नास रुपये असायचे आणि परत येताना एकेका बाईची वर्षानुवर्षांची गोष्ट. कुणाला दहा दिवस जायचं म्हणून ती शिरूरच्या बाईंकडं जाऊन आली. कुणी म्हणाली, "मग आमच्या सुनंला पोरगं झालं, ते कसं?" मी म्हटलं, "ते तुमच्या सुनेनं केलं, माझा काय संबंध." एका म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं, नोट घेतली, आणि तरी माझ्या पाया पडली. "आसू दे. चुकून आसलीच तर?"

मंगळवार हळूहळू ओस पडले. पुरुषांना कारण कोणी सांगितलं नाही. आई रागावून गेली असं त्यांनी आपसांत ठरवलं आणि त्याचा दोष ग्रामपंचायतीला दिला.

पाळीनं मात्र मला दमवलं. दहा महिने आली नाही, अकराव्यात आली. पुन्हा पहिल्यापासून. जाऊ म्हणाली, "ताई, आता ह्ये शेवटचं हाय का बघा. म्या भाकरीचं पीठ त्या हिशेबानं दळून आनते." मी मात्र त्या वेळी गोणपाट झटकून ठेवून दिलं आणि चुलीपाशी जाऊन बसले. आत्याबाईंनी पाहिलं, तोंडातली मिश्री एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि म्हणाल्या, "भाकर पातळ थाप. मला दात न्हाईत."

शेवटी राहिले आप्पा. त्यांचे तीनशे मी एकदम जमवले, कारण त्यांच्या दारात दोनदा जायची माझी छाती नव्हती. तोवर ओळीनं बारा महिने होऊन गेले होते. आप्पा दारात खुर्ची टाकून बसले होते, बरोबर जिथं कट्टा होता तिथं. मला बघून सवयीनं अर्धवट उठले. मी नोटा पुढं केल्या आणि पदर नीट घेऊन, खाली बघत, सगळं सांगितलं. बाईमाणसाच्या तोंडून असलं ऐकायची त्यांच्यावर कधी वेळ आली नव्हती. ते दुसरीकडं बघायला लागले. आत त्यांची बायको भांडी घासायची थांबली होती.

मग आप्पांच्या डोक्यात एकदम उजेड पडला.

"म्हंजी आई न्हवतीच?"

"नव्हती, आप्पा."

"मग माझा कट्टा फुकट फुटला की! पुन्यांदा बांदतो आता."

"बांधू नका," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. देवळात निघाला होता तोच आवाज परत ऐकू आला. "वारा मलाच लागतो."

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "मला बी!"

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं, मग दाराकडं, मग मोकळ्या रस्त्याकडं. बोटाला थुंकी लावून त्यांनी नोटा मोजल्या, बंडीच्या आतल्या खिशात ठेवल्या आणि वरून थोपटल्या. मी घरी आले, लाल कापड काढून घडी घातलं आणि पंखा लावला. त्याचे पैसे फिटले होते.